ढिगाऱ्याखालची राणी

(खास प्रतिनिधी)

जुन्या गोव्यातील टेकडीवरच्या एका पडक्या चर्चच्या उत्खननात चारशे वर्षांपूर्वीच्या जॉर्जियन राणीच्या अस्थींचा माग लागला. हा माग नेमका कसा लागला आणि कुंडलिकेच्या मुखाशी उभ्या असलेल्या कोर्लईच्या पडक्या चर्चकडे पाहताना त्यातून काय घ्यायचे, याचा हा वेध.

धाटाव (ता. रोहा) : धाटावच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहणारी कुंडलिका नदी रोहा शहर ओलांडून पश्चिमेकडे जाते आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेला रेवदंड्याचा कोट आहे, तर दक्षिणेला समुद्रात घुसलेली कोर्लईची डोंगरसोंड. १५९४ मध्ये हा डोंगर निजामशाहीकडून पोर्तुगिजांच्या हाती गेला. त्यांनी त्यावर तटबंदी वाढवली, तोफा चढवल्या आणि किल्ल्याच्या आत एक चर्चही बांधले. १७४० मध्ये चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले. आज त्या चर्चवर छप्पर नाही. भिंती उभ्या आहेत, आत गवत माजलेले आहे आणि पावसाळ्यानंतर येणारे पर्यटक तिथे छायाचित्रे काढून परततात.

अशा वास्तूपुढे उभे राहिल्यावर सहज एक प्रश्न मनात येतो. चर्च कोणी बांधले, कोणी सोडले, कधी पडले, हे सारे बखरी-दप्तरांत लिहून ठेवलेलेच असेल, तर मग ते उकरून काढण्यात हशील काय? उत्खनन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हडप्पा, इनामगाव किंवा तेर येते; तीन-चारशे वर्षांपूर्वीचे चर्च नव्हे. या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर याच किनाऱ्यावर, पण खाली दक्षिणेला, जुन्या गोव्यातील 'मोंते सांतो' म्हणजे 'पवित्र टेकडी' नावाच्या टेकडीवर मिळते. तेथील सेंट ऑगस्टीन चर्चच्या ढिगाऱ्यात पुरातत्त्वज्ञांनी शोधले ते सोने-नाणे नव्हते. ते एका स्त्रीच्या हाताचे हाड शोधत होते.

टेकडी आणि तिच्यावरचे चर्च

ऑगस्टिनियन पंथाचे धर्मोपदेशक १५७२ मध्ये गोव्यात आले. तोवर फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेझुइट या पंथांनी येथे आपले बस्तान बसवले होते. उशिरा आलेल्या ऑगस्टिनियनांनी मांडवी नदीकाठच्या राजधानीच्या पश्चिमेकडील टेकडी निवडली. १५९७ ते १६०२ या काळात तेथे 'नोसा सेन्योरा दा ग्रासा' या नावाचे चर्च उभे राहिले. लोकांच्या तोंडी मात्र ते सेंट ऑगस्टीनचे चर्च म्हणूनच राहिले. त्याला लागूनच मठ होता. चर्चमध्ये आठ लहान प्रार्थनाकक्ष आणि चार वेद्या होत्या, तर मठात साधूंच्या अनेक खोल्या. पूर्वेकडे तोंड असलेला पाच मजली घंटामनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. आजच्या हिशेबाने चौदा-पंधरा मजली इमारतीएवढा हा मनोरा केवळ जांभा दगड आणि चुना यांच्या बळावर उभा होता.

ही वास्तू पडली ती युद्धात नव्हे, तर सरकारी हुकमामुळे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातील धार्मिक पंथांचे मठ बंद केले. साधू निघून गेले आणि वास्तू पोरकी झाली. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यास पुढचे सांगावे लागत नाही. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. त्याच्यावर चुन्याचा गिलावा असेल आणि तो दर दोन-तीन वर्षांनी दुरुस्त होत असेल तोवर तो शतकानुशतके टिकतो. गिलावा सुटला की पाणी आत शिरते, सांध्यांत पिंपळ-वड मूळ धरतात आणि भिंत आतून फुटत जाते. अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चची घुमटाकार कमान कोसळली. मनोऱ्यातील प्रचंड घंटा त्याआधीच उतरवण्यात आली होती. काही वर्षे ती अग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात होती आणि १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला आणि १९३८ मध्ये आणखी काही भाग कोसळला. उरलेला चिरलेला अर्धा मनोरा म्हणजेच आज पर्यटकांच्या छायाचित्रांत दिसणारे सेंट ऑगस्टीन. १९८६ मध्ये युनेस्कोने 'गोव्यातील चर्च व मठ' या नावाने ज्या वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हे अवशेषही आहेत.

कमान पडली ती आतल्या सगळ्यावर. फरशीतील थडग्यांच्या शिळा, भिंतींवरचे चित्रित चिनी मातीचे तुकडे, वेद्या, खिडक्यांचे कट्टे हे सारे कित्येक फूट ढिगाऱ्याखाली गेले. वास्तूच्या दृष्टीने हा अंत होता. पुढे काय झाले हे पाहता, हा ढिगाराच एका अर्थाने कुलूप ठरला, असे म्हणावे लागेल.

शिराझमधील मृत्यू

या ढिगाऱ्याशी जोडलेली कथा सुरू होते ती गोव्यापासून हजारो मैल दूर, कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी. आजच्या जॉर्जिया देशाच्या पूर्व भागात काखेती नावाचे ख्रिस्ती राज्य होते. इराणचा शाह अब्बास पहिला याच्या वाढत्या सत्तेपुढे या छोट्या राज्याला टिकाव धरणे अवघड होते. राजा तैमुराझ याची आई केतेवान हिला १६१४ मध्ये बोलणी करण्यासाठी शाहकडे पाठवण्यात आले. ती परत आलीच नाही. शाहने तिला ओलीस ठेवले आणि पुढची सुमारे दहा वर्षे ती शिराझमध्ये बंदिवासात राहिली. धर्म बदलण्याचा आग्रह तिने नाकारला. अखेर सप्टेंबर १६२४ मध्ये तापवलेल्या सांडशींनी छळ करून तिला ठार मारण्यात आले. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चने तिला संतपद दिले. तिच्या हौतात्म्याची हकिकत तेव्हाच्या युरोपात सर्वदूर पोहोचली. आंद्रेआस ग्रिफिउस या जर्मन नाटककाराने तिच्यावर शोकांतिका लिहिली आणि ती १६५७ मध्ये प्रसिद्ध झाली.

ही हकिकत बाहेर आली ती शिराझमध्ये राहणाऱ्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंमुळे. गोव्यातील मठाचाच हात पुढे इराणपर्यंत पोहोचला होता. १६०२ पासून इस्फहानमध्ये आणि नंतर शिराझमध्येही या पंथाचे साधू राहत होते. त्यांपैकी आंब्रोझियो दोस आंजोस यांना राणीच्या अखेरच्या दिवसांची प्रत्यक्ष माहिती होती. साधूंनी राणीचे अवशेष उकरून काढले. त्यांतील काही पुढे जॉर्जियात तिच्या मुलाकडे पोहोचवण्यात आले आणि काही १६२७ मध्ये गोव्यात, मोंते सांतोवरच्या मठात आणले गेले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. केतेवान कॅथलिक नव्हती. ती पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेतली होती. तरीही धर्मासाठी प्राण देणारी म्हणून कॅथलिक साधूंनी तिच्या अस्थी पूज्य मानल्या. त्या काळी संतांच्या अस्थी वेदीत, कोनाड्यात वा दगडी पेटीत जपून ठेवण्याची प्रथा होती आणि कोणत्या मठात कोणत्या अस्थी कोठे आहेत, याची नोंदही काटेकोरपणे ठेवली जाई. ही नोंदच पुढे उपयोगी पडली.

दुसरी खिडकी

पोर्तुगीज कागदपत्रांत या अस्थींची जागा सांगितलेली होती. मठाच्या सभाकक्षाच्या प्रार्थनागृहात, 'एपिसल'च्या बाजूला, दुसऱ्या खिडकीत काळ्या दगडाची पेटी आहे आणि तिच्यात राणीच्या उजव्या हाताच्या अस्थी आहेत, असा त्या नोंदीचा आशय. सभाकक्ष म्हणजे जेथे मठातील सारे साधू एकत्र बसून मठाचा कारभार ठरवत, ती जागा. 'एपिसल'ची बाजू म्हणजे वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवा हात.

वाचताना हा पत्ता अगदी सोपा वाटतो. मोंते सांतोवर उभे राहिल्यावर मात्र त्याचा काही उपयोग नव्हता. ज्या इमारतीतील दुसरी खिडकी शोधायची, तीच जागेवर नव्हती. कोणता ढिगारा चर्चचा, कोणता मठाचा, कोणत्या भिंती सभाकक्षाच्या, हे वरून ओळखणे अशक्य होते. हातात पत्ता होता, पण गावच नाहीसे झाले होते.

जॉर्जिया तेव्हा सोव्हिएत संघाचा भाग होता. तेथील अभ्यासकांना या नोंदींची माहिती झाली आणि त्यांनी भारताकडे विचारणा केली. १९८९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने टप्प्याटप्प्याने शोध सुरू केला. पहिल्या प्रयत्नांत हाती काही लागले नाही. जॉर्जियाची शिष्टमंडळे आली आणि गेली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळून जॉर्जिया स्वतंत्र झाला, तरी शोध चालूच राहिला.

ढिगारा कसा वाचतात?

पडक्या वास्तूचे उत्खनन म्हणजे दगडमाती उपसणे, असा समज असतो. ठेकेदाराकरवी जागा मोकळी करून घेणे आणि उत्खनन करणे यांत मोठा फरक आहे. ठेकेदाराला खालची फरशी हवी असते. पुरातत्त्वज्ञाला फरशीइतकाच वरचा ढिगाराही हवा असतो, कारण ढिगारा ज्या क्रमाने पडला तो क्रम म्हणजेच इमारतीच्या मरणाची तारीखवार हकिकत असते.

सर्वांत वर झाडांची मुळे आणि कुजलेल्या पाल्याची माती लागते. त्याखाली शेवटी कोसळलेल्या भिंतींचा जांभा. त्याच्याही खाली कमानीचे घडीव दगड आणि चुन्याचे गठ्ठे मिळतात. फरशीला लागून जो पातळ थर असतो तो सर्वांत महत्त्वाचा. साधू निघून गेल्यानंतर आणि कमान पडण्याआधी जे काही तेथे होते किंवा सांडले, ते या थरात असते. एखादी वस्तू या थरात कमानीच्या दगडांखाली सापडली, तर ती १८४२ पूर्वीच तेथे होती, असे खात्रीने म्हणता येते. तीच वस्तू वरच्या मातीत सापडली, तर ती कधी आणि कोठून आली याचा भरवसा नाही. म्हणून जागेचे चौकोन पाडतात, एकेक थर उतरवतात, प्रत्येक वस्तूची जागा आणि खोली मोजून लिहितात, रेखाचित्रे काढतात, छायाचित्रे घेतात. उकरलेला थर पुन्हा उकरता येत नाही. त्यामुळे नोंद चुकली तर पुरावाच गेला.

मोंते सांतोवर हे काम वर्षानुवर्षे चालले. चर्चचा मुख्य भाग, बाजूचे प्रार्थनाकक्ष, थडग्यांच्या कोरीव शिळा, मठाच्या खोल्यांचे पाये हळूहळू उघडे पडत गेले. इमारतीचा आराखडा जमिनीवर पुन्हा उमटू लागला, तेव्हा कागदावरच्या नोंदीला अर्थ आला. कॅथलिक मठांच्या रचनेची एक ठरावीक रीत असते. चर्चच्या बाजूला चौकोनी अंगण, अंगणाभोवती ओवऱ्या आणि त्या ओवऱ्यांना लागून सभाकक्ष. आराखडा हाती आल्यावर सभाकक्ष कोठे असायला हवा, याचा अंदाज बांधता आला.

मे २००४ मध्ये नोंदीतील प्रार्थनागृह आणि ती खिडकी सापडली. खिडकीत दगडी पेटी नव्हती. मात्र तिचे झाकण आणि हाडांचे तुकडे खिडकीजवळच मिळाले. त्यांत हाताच्या एका लांब हाडाचा समावेश होता.

अर्धे यश असेच याचे वर्णन करावे लागेल. पेटी अभंग आणि अस्थी तिच्या आत असत्या, तर प्रश्नच उरला नसता. पण पेटी फुटलेली, अस्थी विखुरलेल्या आणि भोवती साधूंची व प्रतिष्ठितांची थडगी, अशी स्थिती होती. मठ म्हणजे अडीचशे वर्षांचे दफनस्थळही होते. सापडलेले हाड राणीचेच, एखाद्या साधूचे नव्हे, हे सांगणार कोण?

प्रयोगशाळेची साक्ष

हा प्रश्न हैदराबादच्या 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायोलॉजी' या संस्थेकडे गेला. नीरज राय, के. थंगराज, लालजी सिंह आदी शास्त्रज्ञांनी पुरातत्त्व विभागाचे निझामुद्दीन ताहेर यांच्यासह हा अभ्यास केला आणि तो 'मायटोकॉन्ड्रियन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

प्रत्येक पेशीच्या केंद्रात असलेला डीएनए आई-वडील दोघांकडून येतो. पण पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांचा स्वतःचा वेगळा, छोटासा डीएनए असतो आणि तो केवळ आईकडून मिळतो. आजीकडून आईला, आईकडून मुलांना असा तो जवळपास जसाच्या तसा उतरत जातो. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. त्यामुळे केंद्रातील डीएनए नष्ट झाला तरी जुन्या हाडात याच्या काही प्रती शिल्लक राहण्याची शक्यता अधिक. गोव्याच्या उष्ण आणि दमट हवेत हाडातील डीएनए झपाट्याने तुटतो. शिवाय हाड हाताळणाऱ्याचा डीएनए त्यात मिसळण्याचा धोका असतो. म्हणूनच असे नमुने स्वतंत्र, स्वच्छ कक्षात तपासतात आणि तपासणाऱ्यांच्या डीएनएशीही पडताळून पाहतात.

हजारो वर्षांत या मातृवंशाच्या डीएनएत अधूनमधून किरकोळ बदल होतात. ज्यांच्यात समान बदल आढळतात त्यांचा एक गट मानला जातो. शास्त्रज्ञ त्याला 'हॅप्लोग्रुप' म्हणतात. सापडलेल्या लांब हाडात 'यू१बी' हा गट आढळला. भारतीय उपखंडातील लोकांच्या हजारो नमुन्यांची माहिती संस्थेकडे होती. त्यांत हा गट मिळाला नाही. जॉर्जिया आणि आसपासच्या प्रदेशांत मात्र तो आढळतो. त्याच जागी मिळालेल्या इतर अस्थींच्या तपासणीत दक्षिण आशियात आढळणारे मातृवंश दिसले. म्हणजे ढिगाऱ्यात स्थानिक माणसांच्या अस्थी होत्या आणि एक हाड मात्र दूरच्या पाहुणीचे असावे, असे चित्र तयार झाले.

'बहुधा' या शब्दाचे मोल

वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी तेव्हा 'राणीच्या अस्थी सापडल्या' असे जाहीर केले. शास्त्रज्ञांनी मात्र शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'बहुधा' हा शब्द ठेवला. या एका शब्दात साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे.

मातृवंशाचा डीएनए माणसाचे नाव सांगत नाही. तो स्त्री-पुरुषही सांगत नाही. या व्यक्तीची आई, आजी, पणजी कोणत्या प्रदेशातील असण्याची शक्यता आहे, एवढेच तो सांगतो. जॉर्जियात हा वंश असलेल्या हजारो स्त्रिया त्या काळी असतील. भारतातील नमुन्यांत तो मिळाला नाही, याचा अर्थ भारतात तो कधीच नव्हता असाही होत नाही. निर्विवाद ओळख पटवायची तर त्या व्यक्तीच्या मातृवंशातील जिवंत वारस हवा असतो. रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबाचे अवशेष १९९१ मध्ये येकातेरिनबर्गजवळ बाहेर काढण्यात आले, तेव्हा तसे करता आले. झारची पत्नी अलेक्झांड्रा आणि ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप हे एकाच मातृवंशातले होते. फिलिप यांनी रक्ताचा नमुना दिला आणि जुळणी झाली. केतेवानच्या बाबतीत चारशे वर्षांनंतर असा धागा हाती नव्हता.

मग शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला तो कशाच्या आधारे? तीन वेगवेगळ्या साक्षीदारांच्या आधारे. पहिला साक्षीदार कागद. जॉर्जियन राणीच्या हाताच्या अस्थी अमुक खिडकीत आहेत, असे तो म्हणतो. दुसरा साक्षीदार माती. त्या खिडकीपाशीच दगडी पेटीचे झाकण आणि हाताचे हाड मिळाले, असे ती दाखवते. तिसरा साक्षीदार प्रयोगशाळा. हे हाड जॉर्जियाच्या बाजूच्या वंशाचे आहे, असे ती सांगते. यांतील एकेकट्याची साक्ष पुरेशी नाही. कागद खोटा असू शकतो, अस्थी इकडेतिकडे सरकू शकतात आणि डीएनए नाव सांगत नाही. पण एकमेकांशी संबंध नसलेले तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, तर तिच्यावर विश्वास ठेवणे रास्त ठरते.

यातील मधला साक्षीदार सर्वांत दुबळा आणि सर्वांत मोलाचा आहे. कागद लिस्बनमध्ये सुरक्षित राहू शकतो. डीएनए आज ना उद्या तपासता येतो. माती मात्र एकदा हलवली की कायमची मुकी होते. मोंते सांतोवरचा ढिगारा कोणी विसाव्या शतकात जेसीबीसारखे यंत्र लावून साफ केला असता, तर तेच हाड एखाद्या भरावात मिळाले असते आणि 'यू१बी' गट निघूनही ते कोणाचे हे सांगता आले नसते. जुन्या गोव्यातील अनेक पडक्या इमारतींचे दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेण्यात आले, हा इतिहास आहे. मठाचा हा कोपरा त्यातून वाचला आणि म्हणूनच राणीचा माग लागला.

अस्थी घरी गेल्या

जॉर्जियात केतेवान हे केवळ इतिहासातील नाव नाही. ती तेथील लोकांची संत आहे. मुलींना तिचे नाव ठेवतात. त्यामुळे गोव्यातील अस्थी परत मिळाव्यात, ही मागणी तेथे सातत्याने होत राहिली. भारत सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये या अस्थी दर्शनासाठी जॉर्जियाला पाठवल्या. सुरुवातीला ठरलेली मुदत वाढवून त्या सुमारे वर्षभर तेथे ठेवण्यात आल्या आणि २०१८ मध्ये भारतात परत आल्या. पुढे जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर जॉर्जियाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा अस्थींचा एक भाग त्यांनी कायमची भेट म्हणून तेथील सरकारला आणि चर्चला सुपूर्द केला.

१६२७ मध्ये गलबताने गोव्यात आलेली अस्थी जवळपास चार शतकांनी विमानाने मायदेशी गेली. या प्रवासात तिला सांभाळले ते पोर्तुगीज साधूंच्या नोंदींनी, गोव्याच्या जांभ्याने आणि भारतीय पुरातत्त्वज्ञ व शास्त्रज्ञांच्या चिकाटीने. ज्या धर्माशी, देशाशी आणि भाषेशी आपला संबंध नाही अशा एका स्त्रीच्या हाताच्या हाडासाठी पंधरा वर्षे ढिगारा उकरत राहणे, ही गोष्ट लहान नाही.

कुंडलिकेच्या मुखाशी

आता पुन्हा कोर्लईकडे वळू. तेथे एखाद्या राणीच्या अस्थी आहेत, असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. मात्र कुंडलिकेच्या मुखाच्या दोन्ही काठांवर याच काळाचे आणि याच जातकुळीचे अवशेष पसरलेले आहेत. रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कन चर्चचा उंच मनोरा आहे. स्थानिक लोक त्याला 'सातखणी' म्हणतात. डॉमिनिकन, जेझुइट आणि मोंते सांतोवरच्याच ऑगस्टिनियन पंथाच्या वास्तूही या कोटात होत्या. आज त्यांच्या भिंतींना लागून नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. कोर्लई गावात पोर्तुगीज भाषेतून जन्मलेली बोली आजही बोलली जाते. ही बोली म्हणजे त्या काळाचा बोलता पुरावा. टेकडीवरचे चर्च हा मुका पुरावा.

त्याच्याही खाली आणखी जुना काळ आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलमध्ये केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन बंदराचे अवशेष मिळाले. म्हणजे या खाडीच्या काठावर दोन हजार वर्षांचे थर एकावर एक बसलेले आहेत. पोर्तुगीज चर्च हा त्यातला फक्त वरचा पापुद्रा. वरचा थर म्हणून तोच सर्वांत आधी नष्ट होण्याची भीती असते. वाडीचे कुंपण, घराचा चौथरा, रस्त्याचा भराव यांसाठी पडक्या भिंतीचे दगड नेणे कोकणात कोणाला चोरी वाटत नाही. 'पडलेलेच तर आहे,' असे सहज म्हटले जाते. मोंते सांतोचा धडा नेमका याच्या उलट आहे. पडलेले आहे, म्हणूनच त्याला हात लावायचा नाही.

कायद्याने याची तरतूद केलेली आहे. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे. पण कायदा दर दगडापाशी पहारा ठेवू शकत नाही. पहारा ठेवू शकतात ती शेजारची माणसे.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. किल्ल्यावर गेल्यावर सैल दगड उचलू नये, उतरंड रचण्यासाठी भिंतीतले चिरे काढू नयेत, गुप्तधनाच्या आशेने फरशी उकरणाऱ्यांना रोखावे. स्वच्छता मोहीम काढणाऱ्या उत्साही मंडळांनी गवत जरूर कापावे, पण मुळे उपटताना आणि ढिगारा 'साफ' करताना पुरातत्त्व विभागाला विचारावे. कोरीव शिळा वा लेख दिसला तर त्याचे छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी आणि तो आहे तेथेच राहू द्यावा. तो घरी आणून जपून ठेवला तरी तो निम्मा हरवलेलाच असतो, कारण कोठे होता हे सांगणारी माती मागे राहिलेली असते.

मोंते सांतोवर केतेवानचा माग लागला तो दुसरी खिडकी जागेवर होती म्हणून. कुंडलिकेच्या मुखाशी अशा किती खिडक्या आहेत आणि त्यांच्याविषयी काय लिहून ठेवले आहे, हे उद्या कोणी अभ्यासक शोधत येईल. तो येईल तेव्हा खिडक्या जागेवर असाव्यात, एवढेच आजच्या पिढीच्या हाती आहे.